व्याज आणि व्याज

बँकेत अख्खी नोकरी 'इंटरेस्ट' हा शब्द लिहिण्यात गेली. आमच्या लेखी त्याचा अर्थ एकच, व्याज. घरी मात्र मुलाला अभ्यासात इंटरेस्ट नसायचा. आणि भाच्याचा कर्जाचा अर्ज टेबलावर आला, तेव्हा नियमाने फाइल दुसऱ्याकडे द्यावी लागली. कारण मामा म्हणून माझा इंटरेस्ट त्यात गुंतलेला! व्याज, गोडी, हितसंबंध. तिघांचे बिऱ्हाड एकाच शब्दात.

मूळ शब्द लॅटिन. 'इंटर' म्हणजे मध्ये, 'एस्से' म्हणजे असणे. जे मध्ये असते, त्याने फरक पडतो. मध्ययुगात चर्चला व्याजखोरी पाप वाटे. तेव्हा रखडलेल्या कर्जाच्या भरपाईला हे सभ्य नाव मिळाले. पुढे १५४५ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या कायद्याने १० टक्क्यांपर्यंत व्याजाला मुभा दिली.

आपले 'व्याज' संस्कृतातले. तिथे त्याचा अर्थ निमित्त, बहाणा. म्हणून तर निष्कपट प्रेमाला आपण निर्व्याज म्हणतो.

एक आजी दर महिन्याला ठेवीचे व्याज न्यायला येत. पैसे मोजून झाले, तरी तासभर बाकावर बसून राहत. एकदा विचारले, "आजी, अजून काही काम आहे का?"

"नाही हो साहेब. घरी दिवसभर कुणी बोलत नाही. इथं तुम्ही तब्येत तरी विचारता."

व्याज हेच त्यांचे व्याज होते! त्यांना हवा होता तो इंटरेस्ट आमच्या दरपत्रकात नव्हता.