रान कोणी राखावे?

२६ मार्च १९७४ रोजी गढवालातील रेणी गावचे पुरुष जमिनीच्या नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीस गेले होते. हीच वेळ साधून ठेकेदाराचे मजूर कुऱ्हाडी घेऊन रानाकडे निघाले. ही वार्ता कळताच गौरादेवी सत्तावीस बायामुलींसह त्यांना आडव्या गेल्या. रान हे आमचे माहेर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मजुरांना परतावे लागले. १९७० साली अलकनंदेला आलेल्या महापुराची स्मृती तेव्हा ताजी होती.

योगायोग असा, की याच वर्षी फ्रान्समध्ये फ्रांस्वाज दोबोन या लेखिकेने आपल्या ग्रंथात ‘पर्यावरणीय स्त्रीवाद’ या अर्थाचा शब्द प्रथम योजिला. रेणीच्या स्त्रियांना त्या शब्दाची गंधवार्ताही असण्याचे कारण नव्हते. निसर्गाला निव्वळ वापरावयाची वस्तू मानणारी वृत्ती आणि स्त्रीला दुय्यम लेखणारी वृत्ती या एकाच मुळाच्या दोन फांद्या होत, हे या विचाराचे सार. कॅरोलिन मर्चंट यांनी १९८० साली त्याला इतिहासाची जोड दिली. सृष्टी ही सजीव माता आहे, ही भावना माणसाच्या हाताला आवर घालीत असे. सतराव्या शतकातील विज्ञानाने सृष्टीला यंत्र ठरविले आणि तो आवर सुटला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९८८ साली वंदना शिवा यांनी हाच विचार भारतीय विकासनीतीला लावून पाहिला.

परंतु स्त्री ही स्वभावतःच निसर्गाची सखी आहे काय? बीना अगरवाल यांनी १९९२ साली याच गृहीतावर बोट ठेविले. त्यांच्या मते हे नाते जन्मजात नसून श्रमातून घडते. सरपण, चारा व पाणी आणण्याचे काम जिच्या वाट्याला येते, तिला रान तुटल्याची झळ प्रथम लागते. शिवाय भूमिहीन स्त्री आणि जमीनदाराची पत्नी यांचे रानाशी असलेले नाते एकच असू शकत नाही. राखण हा स्त्रीचा स्वभावच मानला, तर तिचे ओझे तेवढे कायम राहते आणि अधिकार दुसऱ्याच्या हाती जातो.

डुंगरी-पैंतोली येथे १९८० साली हेच दिसून आले. तेथील पुरुषांच्या पंचायतीने गावच्या सुखसोयींच्या आशेने ओकचे रान तोडण्यास संमती दिली होती; विरोध केला तो त्याच घरांतील स्त्रियांनी. चारा आणि सरपण त्यांनाच आणावयाचे होते. मात्र निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्यांना स्थान नव्हते.

ही उणीव कायद्याने काही अंशी ओळखली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील ग्रामस्तरीय समितीत किमान एकतृतीयांश सभासद स्त्रिया असाव्या लागतात आणि विवाहितांचे हक्कपत्र पतिपत्नी दोघांच्या नावे निघते. गुजरात व नेपाळ येथील वनसमित्यांचा अभ्यास करून अगरवाल यांनी २०१० साली दाखविले, की जेथे समितीत स्त्रिया अधिक, तेथे रानाची स्थितीही अधिक सुधारते. मात्र यादीत नाव असणे आणि सभेत शब्दाला वजन असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. रानाला माता आणि स्त्रीला रानाची कन्या म्हणून गौरविण्यात कोणाचेच काही जात नाही. कोणते झाड तोडावे व कोणते राखावे, हे ठरविताना तिचे मत मोजले जाते की नाही, यावरच या विचाराची खरी कसोटी लागते.