पुसलेल्या संकेतस्थळाची पुनःस्थापना : एक उदाहरण

संकेतस्थळ पुसले गेले म्हणजे नेमके काय नाहीसे झाले, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. केवळ वाचनाची पाने असलेले स्थळ म्हणजे फायलींचा एक संच. बॅकअपमधून त्या जागच्या जागी आणून ठेवल्या की काम भागते. वेब अॅप्लिकेशनची गोष्ट निराळी. त्यात प्रोग्राम, वापरणाऱ्यांनी चढविलेल्या फायली आणि डेटाबेस अशी तीन अंगे असतात आणि ती एकाच क्षणाची नसल्यास, नोंद आहे पण फाइल नाही, अशी विसंगती उद्भवते.

या दृष्टीने गिटलॅब या संस्थेच्या सर्व्हरवर ३१ जानेवारी २०१७ रोजी जे घडले ते अभ्यसनीय आहे. मुख्य डेटाबेस आणि त्याची जुळी प्रत यांचा मेळ तुटला होता. तो पुन्हा जमविण्यासाठी प्रतीची डिरेक्टरी रिकामी करावयाची होती; अभियंत्याने आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. चूक क्षणार्धात ध्यानी आली, परंतु तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी अवघे ४.५ उरले होते.

आता बॅकअपकडे धाव घेणे क्रमप्राप्त होते. दैनिक उतारा काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेस्क्यूएलच्या ९.२ या आवृत्तीचा निघाला, डेटाबेस मात्र ९.६ चा, परिणामी उतारा कधी निर्माणच होत नव्हता. या अपयशाची सूचना देणारी पत्रेही निघत होती; पण त्यांवर आवश्यक ती प्रमाणक स्वाक्षरी नसल्याने ती मेल सर्व्हरने परतविली. (यंत्राने तक्रार केली, ती कोणाच्या कानी गेली नाही, इतकेच!) डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरांवर चालू केलेलीच नव्हती. आणि जुळी प्रत? ती तर आधीच पुसून झाली होती. तशी ती शाबूत असती तरी जुळी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य डेटाबेसात एखादी नोंद खोडली की प्रतीतूनही ती तत्काळ खोडली जाते.

तारले ते एका योगायोगाने. सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या सर्व्हरसाठी एका अभियंत्याने स्वहस्ते एक स्नॅपशॉट घेतला होता. ठरलेल्या क्रमानुसार असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच होई. तेथील डिस्क मंद असल्याने नक्कल उतरविण्यातच बहुतेक वेळ गेला, व सेवा दुसऱ्या दिवशी सायंकाळी पूर्ववत झाली. प्रोग्रामांचे संग्रह अन्यत्र असल्यामुळे ते बचावले. परंतु मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पणी आणि सुमारे ७०० नव्या सदस्यांची खाती कायमची गेली.

पुनःस्थापनेतील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. डेटाबेस सहा तास मागे गेला, तसे नोंदींचे अनुक्रमांकही मागे गेले. ते तसेच राहू दिले असते तर हरवलेल्या नोंदीचा क्रमांक उद्या दुसऱ्याच नोंदीला मिळाला असता, आणि बाहेर कोठे तरी लिहून ठेवलेला जुना दुवा भलत्याच ठिकाणी नेऊन पोहोचविता. म्हणून डेटाबेस खुला करताना सर्व अनुक्रमांक एक लाखाने पुढे ढकलण्यात आले.