अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याची आई

घरात बाळंतीण आली की सारे घर कसे कामाला लागते! कोणी अळिवाची खीर करते, कोणी डिंकाचे लाडू वळते. शेक-शेगडी, पाचवीची पूजा, बारशाची तयारी, सारे यथासांग चालते. पण मूल दिवस भरण्यापूर्वीच जन्मले आणि त्याला तडक काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तर? मग बाळाचे वजन किती, श्वास कसा आहे, एवढीच चौकशी होते. बाळंतीण मात्र रिकाम्या कुशीने भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. तिची विचारपूस कोणी करायची?

आमचे मनमाड जंक्शनचे गाव. कुठेही जायला गाडी मिळते, याचा आम्हांला मोठा अभिमान. पण माझ्या भाचीला बत्तिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, तेव्हा नाशिक किती लांब आहे ते कळले. रेल्वेने अवघे ७३ किलोमीटर! बाळाला घेऊन जावई रुग्णवाहिकेतून पुढे गेले आणि पोटाला टाके पडलेली आई इथेच राहिली. चौथ्या दिवशी ती तिथे पोहोचली, तर काचेआडून दोन मिनिटे बघण्याची परवानगी. “मावशी, माझेच मूल, आणि मी पाहुणी!” असे ती म्हणाली.

त्यात भेटायला येणाऱ्यांची बोलणी. “फार दगदग केलीस गं,” कोणी म्हणते. वास्तविक रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे अशी अनेक कारणे असतात, आणि पुष्कळदा नेमके कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. “सातव्याचे जगते, आठव्याचे नाही,” हाही असाच एक समज. खरे पाहता पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो. आठव्याचे बाळ सातव्याच्या बाळापेक्षा सशक्तच असते.

अशा वेळी आईच्या हातात काही उरत नाही, असे आपल्याला वाटते. ते साफ चूक आहे. साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ नीट घालता येत नाही. म्हणून त्याला नळीने दूध देतात. ते आईचेच असावे. पहिला चीक तर चमचाभर निघाला तरी मोलाचा. मात्र दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहावे लागते. नाही तर ते आटत जाते. भाचीला हे एका सिस्टरने शेजारी बसून शिकवले. त्या दिवसापासून पोरीच्या तोंडावर जरा तेज आले. आपल्या लेकरासाठी करण्याजोगे काहीतरी तिला सापडले होते!

ज्यांना दूध पुरत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी काढली. आशियातली ती पहिली. एका आईचे दूध दुसरीच्या बाळाला!

दुसरे औषध म्हणजे आईची ऊब. कोलंबियातील बोगोटा शहरी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी उघडे बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूवरून तिचे नाव पडले. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर अभ्यास झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिरावल्यावर छातीशी दिलेल्या बाळांपैकी पहिल्या २८ दिवसांत शंभरातली सुमारे १६ दगावली. ज्यांना जन्मल्याबरोबर छातीशी ठेवले होते, त्यांतली १२. या दुसऱ्या गटातल्या मातांची खाट बाळाच्याच कक्षात होती!

म्हणजे अतिदक्षता विभागात आईची खाट ही सोय नव्हे; ते उपचाराचेच अंग आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच पद्धत जन्मापासून अवलंबावी, असे सांगितले. सर्वच रुग्णालयांत अशी खाट मिळत नाही. तेव्हा आपण डॉक्टरांना नम्रपणे, पण जरूर विचारावे: “आईला आत कधी बसता येईल? बाळ छातीशी कधी देता येईल?” ती थकली तर वडील, आजीसुद्धा बाळाला ऊब देऊ शकतात.

बाकी आपल्या हाती पुष्कळ आहे. बाळाच्या वजनाआधी आईची झोप विचारावी. तिच्यासाठी गरम जेवणाचा डबा न्यावा, रुग्णालयाजवळ निवाऱ्याची सोय बघावी, थोरले मूल असेल तर सांभाळावे. ती रडली तर रडू द्यावे; पण पंधरवडा उलटूनही रडणे थांबत नसेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि अशाच प्रसंगातून गेलेली एखादी आई ओळखीची असली, तर दोघींची गाठ घालून द्यावी. दहा जणांच्या उपदेशापेक्षा “माझेही असेच होते गं,” हे तिचे एक वाक्य अधिक धीर देते.

भगिनींनो, १७ नोव्हेंबर हा अशा बाळांचा दिवस म्हणून जगभर पाळतात. यंदा फराळाचे डबे भरताना एक डबा जवळच्या रुग्णालयात, काचेबाहेर बसलेल्या एखाद्या आईसाठी भरा. आणि डबा नुसता देऊन परतू नका. घटकाभर तिच्याजवळ बसा.