मऊ आहे, पण हलकी नाही : पाण्याची पंचिंग बॅग

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवणला घरी गेलो, तेव्हा भाचीच्या उजव्या हाताला पट्टी बांधलेली होती. ती दहावीत आहे आणि वर्षभरापासून मुष्टियुद्ध शिकते आहे. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘‘मामानू, पिशवी बडवूक गेलंय नि हातच सुजलो!’’ मागील दारी जाऊन पाहिले. वाळू भरलेले एक पोते पडवीच्या वाशाला सुंभाने बांधले होते. वाशाला बाक आला होता आणि पोत्याचा खालचा अर्धा भाग दगडासारखा झाला होता. सुदैवाने हाताचे हाड मोडले नव्हते आणि वासाही मोडला नव्हता. पण या दोन्ही गोष्टी नशिबावर सोडायच्या नसतात.

मुष्टियुद्ध शिकणाऱ्या मुली आता खेड्यापाड्यांतही दिसतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे मुष्टियुद्ध प्रथमच खेळले गेले आणि त्यात मेरी कोमने कांस्यपदक मिळवले. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लवलीना बोरगोहाईंनेही कांस्यपदक आणले. सरावासाठी घरात पिशवी हवी, हा हट्ट त्यामुळे अनेक घरांत सुरू झाला आहे. हल्ली बाजारात पाण्याने भरायची पंचिंग बॅग मिळते. भाचीसाठी ती घ्यायची ठरले, तेव्हा तीन प्रश्न पुढे आले. पिशवी केवढी घ्यायची, किती भरायची आणि कशाला टांगायची? तिन्हींची उत्तरे आठवी ते बारावीच्या भौतिकशास्त्रात आहेत.

वाळू का लागते?

आधी वाळूचे पाहू. वाळूच्या कणांमध्ये मोकळी जागा असते. पिशवीवर ठोसे बसू लागले, की कण हलतात, लहान कण मोठ्या कणांमधल्या फटींत जातात आणि सगळी वाळू तळाशी दाबून बसते. एकदा बसलेली वाळू सहजासहजी हलत नाही. त्यामुळे पिशवी वरच्या बाजूला रिकामी आणि खाली कठीण होते.

ठोसा मारताना मुठीला काही संवेग असतो. उदाहरणादाखल, मुठीबरोबर हाताचे मिळून ३ किलोग्रॅम वस्तुमान सेकंदाला ७ मीटर वेगाने येते असे समजू. संवेग झाला २१ किग्रॅ-मीटर प्रति सेकंद. हात थांबताना हा सगळा संवेग शून्यावर यायला हवा. तो ०.०१ सेकंदात शून्यावर आला, तर हातावर सरासरी २१०० न्यूटन बल येते, म्हणजे सुमारे २१४ किलो वजनाएवढे. तोच ०.०३ सेकंदात आला, तर बल ७०० न्यूटन. ठोसा तोच, फक्त थांबण्याचा वेळ तिप्पट झाला आणि बल एक तृतीयांश झाले.

मालवणच्या धक्क्यावर होड्यांच्या कडेला जुने टायर बांधलेले आपण पाहतो. त्यांचे काम हेच. होडी धक्क्याला टेकते तेव्हा टायर दबतो, थांबायला वेळ मिळतो आणि फळ्या फुटत नाहीत. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे घेतो, तेही याच कारणाने. कठीण पिशवी हा वेळ देत नाही. मग ते बल तळहाताच्या हाडांना आणि मनगटाला सोसावे लागते. करंगळीच्या मागचे तळहातातले हाड अशा वेळी विशेष करून मोडते. त्या दुखापतीला वैद्यकात मुष्टियोद्ध्याच्या नावानेच ओळखतात.

पाणी केव्हा मऊ असते?

पाण्याच्या कणांना वाळूसारखे एका जागी बसता येत नाही. पिशवीवर कितीही ठोसे बसले, तरी पाण्याची कुठे गाठ होत नाही. मूठ जिथे दबते तिथले पाणी बाजूला सरकते आणि वाढलेला दाब पिशवीच्या सर्व भागांवर पसरतो. पास्कलचा नियम तो हाच. मुठीला थांबायला वेळ मिळतो.

परंतु पाणी नेहमीच मऊ असते, असा समज करून घेऊ नये. धक्क्यावरून पाण्यात उडी मारताना पोटावर आपटलेल्या कोणत्याही मुलाला विचारा. पाण्याला बाजूला व्हायला वेळ किंवा जागा मिळाली नाही, तर तेही फळीसारखे लागते. पिशवीच्या बाबतीत प्रश्न जागेचा असतो आणि इथे भूमिती कामाला येते.

पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणजे त्याचे घनफळ बदलत नाही. आणि ठरावीक पृष्ठफळात जास्तीत जास्त घनफळ मावते ते गोलात. आता गोल पिशवी अगदी तट्ट भरली आहे असे समजा. तिला मुठीने खळगा पाडला, की ती गोल राहत नाही. घनफळ तेच ठेवून आकार बदलायचा, तर पृष्ठफळ वाढायला हवे, म्हणजे पिशवीचे कातडे ताणले गेले पाहिजे. कातडे जाड आणि चिवट असते, ते फारसे ताणत नाही. म्हणून तट्ट भरलेली पाण्याची पिशवी कठीण लागते. थोडे पाणी कमी असेल, तर कातडे सैल राहते. मग न ताणताही आकार बदलू शकतो आणि मूठ आत जाऊ शकते.

तेव्हा नियम असा : हवा सगळी काढायची, पण पिशवी तट्ट करायची नाही. हवा राहिली तर पाणी आत हिंदकळते आणि पिशवी वेडीवाकडी हलते. पिशवी टांगलेली असताना पाणी भरावे, शेवटी दोन्ही हातांनी बाजू दाबून पाणी तोंडाशी आणावे आणि त्याच स्थितीत बूच लावावे. नंतर अंगठ्याने दाबून पाहावे. सहज खळगा पडला पाहिजे.

केवढी घ्यावी?

दुकानात तीन पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या फारशा वेगळ्या वाटत नाहीत. पण घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३८ सेंमी व्यासाच्या गोलात सुमारे २९ लिटर पाणी मावते, ४५ सेंमीच्या गोलात ४८ लिटर आणि ५३ सेंमीच्या गोलात ७८ लिटर. एका लिटरचे वजन एक किलो. म्हणजे व्यास १.४ पट झाला, की वजन २.७ पट होते. मेरी कोमने २०१८ साली दिल्लीत आपले सहावे जागतिक सुवर्णपदक ४८ किलो वजनगटात जिंकले. मधली पिशवी टांगणे म्हणजे त्या गटातला एक पूर्ण खेळाडू आपल्या तुळईला टांगणे होय.

वजनाचा उपयोग काय? मगाचा २१ एककांचा संवेग पिशवीला मिळाला, तर ती झुलते. टांगणीच्या जागेपासून पिशवीच्या मध्यापर्यंत १.२ मीटर अंतर धरले आणि मूठ क्षणभर पिशवीबरोबर जाते असे मानले, तर २९ किलोची पिशवी सुमारे २३ सेंमी सरकते, ४८ किलोची १४ सेंमी आणि ७८ किलोची ९ सेंमी. (अक्षय्यतेचे दोन नियम वापरून वरच्या वर्गातील मुलांनी हे गणित जरूर करून पाहावे.) फार हलकी पिशवी ठोसा बसताच दूर पळते. फार जड पिशवी जागची हलत नाही आणि नवशिक्याच्या मनगटावर ताण आणते. मारणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्म्या वजनाची पिशवी घ्यावी, असा प्रशिक्षकांमध्ये प्रघात आहे. भाचीचे वजन ५० किलो, म्हणून आम्ही ३८ सेंमीची, २९ किलोची पिशवी निवडली.

झोक्याचा आवर्तकाल मात्र वजनावर अवलंबून नाही. १.२ मीटरच्या लंबकाला एका झोक्यासाठी सुमारे २.२ सेकंद लागतात, मग पिशवी कोणतीही असो. घड्याळ लावून हे पडताळता येते.

कशाला टांगावी?

इथेच खरी चूक होते. पिशवी हाताला मऊ लागते, म्हणून ती घरालाही मऊ असेल असे वाटते. पण छताला तिचे पूर्ण वजन कळते आणि झुलताना त्याहून जास्त.

लंबक सर्वात खालच्या बिंदूतून जाताना दोरीवरचा ताण स्थिर वजनापेक्षा जास्त असतो. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला, तर हा ताण बरोबर दुप्पट होतो. ठोशाने पिशवी एवढी जात नाही, हे खरे. पण घरात पिशवी टांगली, की लहान मुले तिला मिठी मारून झोके घेणारच. २९ किलोची पिशवी आणि ३० किलोचे मूल मिळून ५९ किलो. ६० अंशांच्या झोक्यात ताण ११८ किलो वजनाएवढा, म्हणजे एकट्या पिशवीच्या चौपट. म्हणून आधार पिशवीच्या निदान चौपट वजन पेलणारा हवा.

आमच्याकडच्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या आणि छप्पर मंगलोरी कौलांचे. वासे कौलांचे वजन पेलण्यापुरते असतात, त्यांना पिशवी टांगू नये. तुळई चालेल, पण तिला वाळवी किंवा भुंग्याने पोखरले नाही ना, हे टोचून आणि ठोकून पाहावे. एका तुळईच्या मध्यावर सगळा भार देण्यापेक्षा दोन तुळयांवर जाड लोखंडी पाइप आडवा टाकून, घट्ट बांधून त्याच्या मध्यावर पिशवी टांगली, तर प्रत्येक तुळईवर निम्माच भार येतो. आम्ही तसेच केले.

चिऱ्याच्या भिंतीत खुंटी ठोकून कंस बसवू नये. चिरा दाबाला चांगला असतो, पण सच्छिद्र असल्याने त्यात ठोकलेली खुंटी ओढीला टिकत नाही, हळूहळू सैल होते. कंस बसवायचाच असेल, तर बोल्ट भिंतीतून आरपार नेऊन पलीकडे लोखंडी पट्टी लावावी. स्लॅबच्या घरात हूक गिलाव्यात नव्हे, तर काँक्रीटमध्ये खोलवर बसला पाहिजे. हे काम जाणत्या गवंड्याकडून करून घ्यावे.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. साधी साखळी पावसाळ्याभरात गंजते, आणि गंज कड्या एकमेकींवर घासतात तिथे आधी धरतो. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या कड्या घ्याव्यात. शिवाय साखळीबरोबर एक जाड नायलॉनची दोरी किंचित सैल बांधून ठेवावी. साखळी तुटली, तर पिशवी पायावर पडणार नाही. महिन्यातून एकदा सगळ्या कड्या हाताने फिरवून पाहाव्यात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर अनेक घरांची छपरे हलवली. अशा वादळानंतर तुळया आणि जोड तपासल्याखेरीज पिशवी पुन्हा टांगू नये.

रिकामी पिशवी आधी टांगावी आणि मग नळीने किंवा तांब्याने भरावी. भरलेली पिशवी उचलून टांगणे म्हणजे पाठ मोडून घेणे. पाणी विहिरीचे गोडे घ्यावे. समुद्राचे पाणी जेमतेम अडीच टक्के जास्त जड असते, पण गळाले तर कड्या खाते. पिशवीचा मध्य छाती आणि हनुवटी यांच्या दरम्यान यावा, आणि सर्व बाजूंना एक मीटर मोकळी जागा असावी.

टांगायला जागाच नसेल तर

भाड्याच्या घरात छताला हात लावता येत नाही. तेथे बुंध्यात पाणी भरून जमिनीवर उभी राहणारी पिशवी मिळते. तिच्यात पाण्याचे काम वेगळे आहे. गुरुत्वमध्य खाली आणून पिशवी पडू न देणे हे ते काम. हा बुंधा मात्र काठोकाठ भरावा. अर्धवट भरला, तर पाणी ठोशाच्या दिशेने धावते आणि पिशवी पाडायला मदत करते. वाळू पाण्याच्या सुमारे दीडपट जड, म्हणून काही जण वाळू भरतात. पण किनाऱ्यावरची वाळू उचलायला सागरी किनारा नियमांनी १९९१ पासून बंदी आहे, आणि ती खारटही असते. बुंध्याचे बूच घट्ट बसले पाहिजे. उघड्या, साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यू पसरवणारा डास अशीच जागा शोधतो.

वर्गात करून पाहा

सारख्या आकाराच्या दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या घ्या. एकीत कोरडी वाळू ठोकून भरा आणि दुसरीत पाणी, थोडी सैल ठेवून. ओल्या चिकणमातीचे सारखे गोळे एक मीटर उंचीवरून दोन्हींवर सोडा. कोणता गोळा जास्त चपटा झाला, हे मुलांना मोजू द्या. मग पाण्याची पिशवी तट्ट भरून तोच प्रयोग पुन्हा करा. तिसरा गोळा पहिल्या दोहोंपैकी कोणासारखा दिसेल, याचा अंदाज मुलांकडून आधी वहीत लिहून घ्या.

भाचीचा हात तीन आठवड्यांत बरा झाला. आता ती हाताला पट्टी गुंडाळून, ग्लोव्हज घालूनच सराव करते. पाणी मऊ असले, तरी वाकडे बसलेले मनगट ते सरळ करत नाही. पहिल्या दिवशी तिने पिशवी अगदी गोल दिसावी म्हणून तट्ट भरली होती. दोन ठोसे मारले आणि थांबली. मग बूच सैल करून तिने तांब्याभर पाणी काढले, बाजू दाबून हवा घालवली आणि पुन्हा मारून पाहिले. त्यानंतर ती मला म्हणाली, की गोलाचे पृष्ठफळ परीक्षेत येते म्हणून पाठ केले होते, ते हाताला आज कळले.