ऑपरेशन झालं, मग स्टेज वाढली कशी?

"ताई, ऑपरेशनच्या आधी आईची स्टेज एक सांगितली होती. आता रिपोर्टात दोन लिहिलंय. कापल्यामुळं पसरला का हो?" परळच्या टाटा रुग्णालयातून मावशींच्या मुलाचा फोन होता. आवाज अगदी रडवेला.

अलिबागजवळच्या आमच्या गावात या मावशी वर्षानुवर्षं मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरायच्या. त्यांचे डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी होऊ लागली, अंगाला सारखी खाज. ताप नाही, पोटात दुखत नाही. कावीळच ती, म्हणून झाडपाल्याचं औषध आणि उसाचा रस सुरू झाला. त्यात तीन आठवडे गेले. शेवटी मीच हाताला धरून सोनोग्राफीला नेलं, तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडे गाठ! ती पित्तनलिकेवर दाब देत होती, म्हणून कावीळ.

स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटल्यावर घरात सगळ्यांना एकच नाव आठवलं, मनोहर पर्रीकर. सुमारे वर्षभराच्या आजारानंतर मार्च २०१९ मध्ये ते गेले. "एवढ्या मोठ्या माणसाचं काही चाललं नाही, तिथं आपलं काय?" मुलगा म्हणाला. पण मावशींची गाठ ऑपरेशन होण्याजोगी होती. शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस रुग्णांनाच ही संधी मिळते, कारण बहुतेकांचं निदानच उशिरा होतं.

मांडव्याच्या लाँचने आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेलं पुन्हा जोडतात. अशी ऑपरेशनं जिथं नेहमी होतात, तिथंच ते करून घ्यावं.

आणि मग तो रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आधीची स्टेज स्कॅनवरून काढलेला अंदाज असतो. खरी स्टेज कळते ती काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. गाठ स्वादुपिंडातच, चार सेंटिमीटरपर्यंत असेल तर पहिली स्टेज. जवळच्या एक ते तीन लसिकाग्रंथींत कॅन्सर गेला असेल तर दुसरी, चार किंवा जास्त ग्रंथींत गेला किंवा मोठ्या धमन्यांना वेढा पडला तर तिसरी. यकृतासारख्या दूरच्या अवयवात पोचला की चौथी. मावशींच्या दोन ग्रंथींत तो सापडला होता. आजार वाढला नव्हता, आधीपासून होता तो आता दिसला होता.

मावशी खाटेवरून म्हणाल्या, "अरे, मासा चिरल्याबिगर आत गाबोळी हाय का नाय, कसं कळंल?" डॉक्टरही हसले!

मग मुलानं धीर करून विचारलंच, "किती वर्षं?" ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक रुग्ण पाच वर्षं गाठतो. ग्रंथी स्वच्छ असतील आणि कापलेल्या कडेला कॅन्सर नसेल तर आशा जास्त. नंतरच्या केमोनेही फरक पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स आणि कॅनडातल्या अभ्यासात, तब्येत चांगली असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर तीव्र केमो दिली, तर निम्मे रुग्ण साडेचार वर्षांहून जास्त जगले. जुन्या औषधावर हाच काळ तीन वर्षांच्या आसपास होता. "हे आकडे अनेकांचे मिळून आहेत, तुमच्या आईचा दिवस त्यात लिहिलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी सहा महिने केमो घेतली. जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, साखरेची तपासणी, थोडं थोडं खाणं. आज दीड वर्ष झालंय. आजार उलटू शकतो हे त्यांना ठाऊक आहे. दर तपासणीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, असं सांगतात. पण परवा अंगणात बसून नातीला कोलंबी सोलायला शिकवत होत्या.

मैत्रिणींनो, ऑपरेशननंतरचा रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारा: किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित? कडा स्वच्छ आहेत का? केमो कधी सुरू करायची? खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. आणि घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर झाडपाल्याच्या आधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. मावशींचे ते तीन आठवडे मला अजून टोचतात.