अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील कॉन्फरन्स स्पर्धा : फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या २०२३ च्या हंगामाच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाजीवनात फुटबॉलला मानाचे स्थान आहे. तेथील फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन अथवा फेकून पुढे नेण्याचा, प्रत्येकी अकरा खेळाडूंचा खेळ होय. आपल्याकडील फुटबॉल तेथे 'सॉकर' या नावाने ओळखला जातो. संघाच्या यशाचे एक प्रमुख गमक म्हणजे कॉन्फरन्समधील विजेतेपद. परंतु हे विजेतेपद राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेशासाठी पुरेसे ठरते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कॉन्फरन्सचे स्वरूप :
कॉन्फरन्स म्हणजे परस्परांशी नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांची संघटना. सामन्यांचे वेळापत्रक व दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे उत्पन्न यांची व्यवस्था ती पाहते. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये २०२३ साली फुटबॉल खेळणारी १४ विद्यापीठे होती. प्रत्येक संघाला कॉन्फरन्समधील आठ व बाहेरील चार सामने खेळावे लागत. त्यानंतर पहिल्या दोन संघांत अंतिम सामना होई.

२०२३ चा हंगाम :
फ्लोरिडा स्टेटने लुइझियाना स्टेटला ४५-२४ असे नमवून हंगामाचा प्रारंभ केला. २३ सप्टेंबर रोजी क्लेमसनविरुद्धचा सामना जादा वेळेत ३१-२४ असा जिंकला. कॉन्फरन्समधील आठही सामने संघाने जिंकले. मात्र १८ नोव्हेंबर रोजी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रसंचालन करणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला गंभीर दुखापत झाली. तरीही २ डिसेंबर रोजी शार्लट येथील अंतिम सामन्यात संघाने लुइव्हिलला १६-६ असे पराभूत केले. या विजयाचे श्रेय प्रामुख्याने बचावफळीचे होते. तेरा सामने, तेरा विजय अशी संघाची कामगिरी झाली.

निवड समितीचा निर्णय :
राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत त्या वेळी केवळ चार संघांना प्रवेश होता व त्यांची निवड तेरा सदस्यांची समिती करीत असे. ३ डिसेंबर रोजी समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास व अलाबामा यांची निवड केली. यांपैकी शेवटच्या दोन संघांनी प्रत्येकी एक सामना गमावला होता. फ्लोरिडा स्टेटला पाचवा क्रमांक मिळाला. पाच प्रबळ कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता वगळला जाण्याचा, चार संघांच्या पद्धतीतील हा पहिलाच प्रसंग होता.

प्रमुख खेळाडूची अनुपस्थिती विचारात घेण्याची मुभा समितीच्या नियमांत होती. ट्रॅव्हिसविना संघाचे सामर्थ्य पूर्वीसारखे राहिले नाही, हा समितीचा युक्तिवाद होता. टीकाकारांच्या मते, मैदानावर सिद्ध झालेल्या निकालापेक्षा संभाव्य कामगिरीच्या अंदाजाला येथे अधिक महत्त्व मिळाले. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता, तर संघ केवळ एका खेळाडूवर अवलंबून नाही हे सर्वांना दिसले असते, अशी खंत ट्रॅव्हिसने जाहीरपणे व्यक्त केली.

३० डिसेंबर रोजी ऑरेंज बाउल सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा पराभव केला. काहींना हा समितीच्या निर्णयाचा पुरावा वाटला. परंतु अनेक प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यातून माघार घेतली होती, त्यामुळे या निकालावरून मूळ संघाच्या योग्यतेचा निष्कर्ष काढणे उचित ठरत नाही.

समारोप :
२०२४ च्या हंगामापासून बाद फेरीतील संघांची संख्या बारा करण्यात आली व सर्वोच्च मानांकनाच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना प्रवेशाची हमी मिळाली. संघांची संख्या बारा करण्याचा निर्णय २०२३ च्या वादापूर्वीच झाला होता, तथापि त्याची आवश्यकता या वादाने अधोरेखित केली. स्पर्धेत निर्णायक काय, संपादन केलेला विजय की तज्ज्ञांचे मूल्यमापन, हे खेळाडूंना आरंभीच ज्ञात असणे न्याय्य होय. मूल्यमापनाचा निकष अनिश्चित असेल, तर वर्षभराच्या परिश्रमाचा अर्थही अनिश्चित राहतो. फ्लोरिडा स्टेटच्या या हंगामाचे महत्त्व याच बोधात आहे.