गिटहबवरून थेट क्लाउडवर

नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट घ्या. कोड गिटहबवर, तो चालतो मात्र क्लाउडवर. समजा, ॲमेझॉनच्या २०१६ पासूनच्या मुंबई केंद्रात. दोघांना जोडतं एपीआय. बदल ‘पुश’ केला की गिटहब ठरलेल्या पत्त्यावर वेबहुक, म्हणजे आपोआप जाणारी सूचना, पाठवतं: कोणती शाखा, कोणती कमिट. सोबत गुप्त किल्लीने केलेली सही. ती पडताळूनच क्लाउडने टोकन, म्हणजे प्रवेशाचा डिजिटल परवाना, दाखवून कोड उतरवून घ्यायचा.

माझ्या मते खरी जोखीम टोकनमध्ये आहे. ते एकाच रिपॉझिटरीपुरतं, फक्त वाचण्याच्या परवानगीचं आणि मुदतीचं घ्या. कोडमध्ये कधीच लिहू नका. चुकून गेलंच, तर ओळ पुसून भागत नाही. गिटच्या इतिहासात ते राहतं. आधी टोकन रद्द करा.